कात्री आणि कळ

चित्रपट म्हटला की लोकांना नटनट्या आठवतात, फार तर दिग्दर्शक आठवतो. चित्रपट कापून जोडणारा माणूस मात्र कोणाच्या गावीही नसतो. शिवलेल्या सदऱ्याचे कौतुक होते ते कापडाचे आणि घालणाऱ्याचे, शिंप्याचे नव्हे, तशातलाच हा प्रकार. आता तर ही शिंपीविद्या घरोघरी शिरली आहे. खिशातल्या फोनवर जो तो चित्रे घेतो, कापतो आणि पाहुण्यांना दाखवतो. अशा वेळी ही विद्या आपल्याकडे कशी आली आणि हत्यारे बदलत गेली तशी कामाची रीत कशी बदलली, याची थोडी विचारपूस करावी, म्हणून हा लेखप्रपंच.

आरंभीच्या काळात मराठी माणसाच्या हाती ही कात्री आली ती धुंडिराज गोविंद फाळके यांच्या. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. छायाचित्रकाराचा धंदा, छापखाना, जादूचे प्रयोग असे नाना उद्योग करून झाल्यावर १९१२ साली ते विलायतेस गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांवाचून येत असे; दोन्ही कडांना छिद्रे पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकतच नसे. आणि हे काम करायचे अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया! दादरच्या राहत्या घरी हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी अंगावर घेतले. दिवसभर कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक करायचा आणि मग काळोखात फिल्मची पट्टी चाचपीत बसायचे. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चौकटी आणि एका चौकटीला दोन्ही कडा मिळून आठ छिद्रे. शिक्षकी खोडीने हिशेब मांडून पाहिला, तो पावणेपाच लाखांच्या घरात जातो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात टाळ्या पडल्या, त्यांतील अर्ध्या तरी या बाईंच्या हिशेबी जमा व्हायला हव्या होत्या.

फाळक्यांजवळ संकलनासाठी निराळे यंत्र नव्हते. पट्टी उजेडासमोर धरायची, डोळ्यांनी चौकट हेरायची, कात्रीने कापायची आणि रसायनाने चिकटवायची. १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसा तयार करतात' नावाची एक छोटी फिल्म केली; तिच्यात ते स्वतः ही सारी कामे करताना दिसतात. पण कापण्याची खरी गंमत त्यांना आधीच कळली होती. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ त्यांनी एकेक चौकट करून टिपली. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वेल झाला, आणि ते पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. मधले तास, मधल्या रात्री त्यांनी गाळल्या होत्या. काळ गाळता येतो, हे ज्याला कळले त्याला संकलन कळले. पॅरिसच्या मेलिएसला हीच गोष्ट १८९६ च्या सुमारास भर रस्त्यात कॅमेरा अडकल्यामुळे कळली, असे तो स्वतः सांगे: कॅमेरा पुन्हा चालू झाला तोवर समोरची प्रवासी गाडी जाऊन तिच्या जागी प्रेतवाहक गाडी आली होती! दोघेही जादूगार होते, हा योगायोग नव्हे असे मला वाटते.

वास्तविक निवडण्या-गाळण्याची ही कला आपल्या मातीला नवी नाही. आमच्याच नगर जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लोक तिच्या नकला करीत राहिले, आणि नकलेगणिक कोणी शब्द बदलला, कोणी पदरची ओवी घातली. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. नाथ स्वतः केवढे कवी! मनात आणते तर दहा ओव्या सहज घुसडू शकले असते. पण त्यांनी आपली लेखणी आवरली आणि इतरांनाही आवरायला सांगितले. संकलकाला कापता आले पाहिजे हे खरेच. पण आपला हात कोठे थांबवावा हेही त्याला कळले पाहिजे.

त्याच ज्ञानेश्वरांवर प्रभात कंपनीने १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' काढला आणि त्यात ज्ञानदेवांची भूमिका केली ती नगरात जन्मलेल्या शाहू मोडकांनी. असो. प्रभातची गोष्ट निघाली ती पुढे नेऊ. १९२९ साली कोल्हापुरात ही कंपनी निघाली, १९३३ साली पुण्यास आली. तिच्या पहिल्या बोलपटाबरोबर, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'बरोबर, कापणाऱ्याची डोकेदुखी दुप्पट झाली; कारण तो मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घेतला होता. मुक्या चित्रपटात दोन चौकटी इकडेतिकडे झाल्या तरी खपून जाई. आता ओठ आणि शब्द यांची गाठ पडली. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट अशी की, पडद्यावर दाखवायच्या प्रतीत आवाजाची रेघ आपल्या चित्राशेजारी नसते, सुमारे वीस चौकटी पुढे असते; कारण यंत्रात चित्राचे भिंग एका जागी आणि आवाज वाचणारा दिवा दुसऱ्या जागी. तेव्हा चित्र आणि आवाज निरनिराळ्या पट्ट्यांवर ठेवून, जुळवून कापण्याची शिस्त आली. हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या वेगाने अकरा मिनिटांत संपते. 'संत तुकाराम'सारखा १९३६ चा चित्रपट म्हणजे अशी डझनभर रिळे. त्याच्या श्रेयनामावलीत संकलक म्हणून ए. आर. शेख यांचे नाव आहे. पुढल्या वर्षी तो व्हेनिसपर्यंत जाऊन नावाजला गेला. पण शेखांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

फिल्मच्या काळातली एक रीत येथे मुद्दाम सांगतो, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. मूळ निगेटिव्हला संकलक हात लावीत नसे. तिच्यावरून एक कामचलाऊ प्रत काढीत. तीच कापायची, चुरगाळायची, पुन्हा जोडायची. फिल्मच्या कडेला बारीक आकडे छापलेले असत. सारे मनासारखे झाले की त्या आकड्यांवरून मूळ निगेटिव्ह एकदाच, श्वास रोखून कापली जाई. मूविओला हे अमेरिकन यंत्र १९२४ मध्ये आले, पुढे हॅम्बुर्गच्या स्टीनबेकची मेजासारखी आडवी यंत्रे आली. प्रभातच्याच जागेत १९६० साली सरकारची फिल्म संस्था निघाली आणि तेथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या अशाच यंत्रांवर हात बसवीत राहिल्या. यंत्रे बदलली तरी कामाच्या प्रतीची रीत मोडली नाही.

मग आली व्हिडिओ कॅसेट. आमच्याकडे तालुक्याच्या गावी १९८० नंतर लग्नाचे शूटिंग सुरू झाले आणि 'मिक्सिंग' हा शब्द रूढ झाला. नवरीच्या तोंडावर बदामाचा आकार उघडायचा, त्यातून नवरदेव निघायचा, पाठीमागे सनई. ज्या घरात अशी कॅसेट नाही ते घर सापडणे कठीण! हसू नका, पण मौज पाहा. दिसायला ही प्रगती, आणि कामाच्या दृष्टीने पीछेहाट. फिल्म मध्येच कापून तुकडा घालता येई. टेप कापता येत नव्हती. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात क्रमाने उतरवून घ्यावी लागे. अक्षता पडून गेल्यावर सीमांतपूजनातला एखादा मामा राहिला असे ध्यानात आले, तर पुढचे सारे पुन्हा उतरवायचे, आणि नकलेची नक्कल करता करता चित्र पुसट होत जायचे. मामा रुसला तर रुसू दे, असे म्हणायची पाळी येई.

संगणकाने कात्रीचे स्वातंत्र्य परत दिले. ॲव्हिड कंपनीची प्रणाली १९८९ मध्ये आली, अडोबीचे प्रीमियर १९९१ मध्ये, ॲपलचे फायनल कट १९९९ मध्ये. आरंभी जाणकारांनी नाके मुरडली. परंतु 'कोल्ड माउंटन' हा मोठा चित्रपट वॉल्टर मर्च या बुजुर्ग संकलकाने बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर फायनल कटने कापला, २००३ साली, तेव्हा वादाला फारसा अर्थ उरला नाही. हे मर्च उभ्याने काम करतात. खुर्चीतले काम ते निराळे, असे मानणाऱ्यांपैकी. एकदा संगणकावर गोष्ट आली की ती स्वस्त होणार हे ठरलेलेच. डाविंची हे रंग सुधारण्याचे यंत्र एके काळी मोठ्या स्टुडिओंनाच परवडे. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये तो धंदा विकत घेतला, थोड्याच काळात त्याची एक आवृत्ती फुकट दिली, आणि पुढे तीत संकलनाचीही सोय केली.

याचा परिणाम आमच्या नगरात दिसला. येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनशास्त्र शिकत असताना नागराज मंजुळे यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडेही त्याच वर्गातून आले. त्यांनी जमीन विकून मेंढपाळांच्या भटकंतीवर 'ख्वाडा' काढला, तो २०१५ साली प्रदर्शित झाला आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. फाळक्यांना विलायतेस जावे लागले. ही मुले एस.टी.ने जाऊन-येऊन शिकली. ज्यांची गोष्ट सांगायची तेच ती कापायला बसले, हा फरक मला कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील मुलांनी फोनवर गावातल्या एका म्हाताऱ्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. तीन तासांचे चित्रण जमले, आणि प्रश्न आला: "सर, सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे?" वधू पाहताना जसे चारचौघे बोलतात तसे ज्याने त्याने आपापले सांगितले. मी मुलांसमोर इतिहासच मांडला. २०११ साली ॲपलने फायनल कटची नवी आवृत्ती काढली, आणि तीत जुनी कामे उघडेनात; धंदेवाईक मंडळींत हाहाकार उडाला. २०१३ मध्ये अडोबीने ठरवले की यापुढे नवी आवृत्ती एकरकमी विकायची नाही, भाड्याने द्यायची. भाडे थकले की दुकान बंद. फायनल कट चालायला ॲपलचाच संगणक हवा. डाविंची फुकट, पण त्याला संगणक दणकट लागतो. अशक्त यंत्रावर तो बैलाला मोटार ओढायला लावल्यासारखा चालतो. केडेनलाइव्ह फुकट आणि मुक्त, कोणा एका कंपनीच्या लहरीवर अवलंबून नाही, मात्र थोडे खडबडीत. फोनवरची ॲप्स वाढदिवसाला उत्तम. तीन तासांच्या चित्रणाला अपुरी.

आणखी एक कसोटी आम्ही लावली, ती इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. प्रत्येकात 'ज्ञानेश्वरांच्या कृपाछत्राखाली' एवढे शब्द टंकून पाहिले. कित्येक ठिकाणी जोडाक्षरे मोडतात, वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसते. प्रीमियरमध्ये दक्षिण आशियाई लिपीची सोय निराळी चालू करावी लागते. जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नुसता उचलून ठेवला तर उमटते ती निव्वळ गिचमीड. ज्याला आपली लिपी नीट लिहिता येत नाही तो कारागीर कितीही हुशार असला, तरी आजींच्या ओव्या त्याच्या हाती द्यायच्या कशा? शाळेचा एक संगणक बरा होता. त्यावर डाविंचीची फुकट आवृत्ती चालली, अक्षरेही नीट उमटली. ठरले.

कामाची रीत मात्र आम्ही फिल्मवाल्यांचीच उचलली. मूळ चित्रण दोन निरनिराळ्या डिस्कवर; त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यावरून हलक्या प्रती काढायच्या, ज्यांना आज प्रॉक्सी म्हणतात. ही तीच जुनी कामाची प्रत! संगणकही दमत नाही. मग वही घेऊन सारे चित्रण एकदा पुरते पाहायचे. कितव्या मिनिटाला कोणती ओवी, कोठे कुत्रे भुंकले, कोठे एस.टी. गेली, हे लिहायचे. या पायरीला मुले फार कंटाळतात, आणि नेमकी हीच पायरी काम तारते. त्यानंतर ओबडधोबड जोडणी, ती आठ दिवस बंद ठेवायची, मग बारीक कापणी, मग आवाज, नावे आणि ओव्यांची अक्षरे सर्वांत शेवटी. आधी अक्षरे सजवीत बसणाऱ्याचा चित्रपट पुरा होत नाही, असा माझा अनुभव आहे. तयार फिल्म प्रथम अशा माणसाला दाखवायची, की ज्याने चित्रण करताना काही पाहिलेले नाही.

दोन डिस्कचा आग्रह कशाला, असे एका मुलाने विचारले. त्याला मी पुण्याची हकिकत सांगितली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तेथे १९६४ मध्ये स्थापन झाले. जुनी नायट्रेट फिल्म मोठी ज्वालाग्राही, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील त्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने चित्रपट खाक झाले. १९३१ चा 'आलम आरा', देशाचा पहिला बोलपट, त्याची तर आज एकही प्रत उपलब्ध नाही. मुलाने पुढे काही विचारले नाही. दुसऱ्याच दिवशी दुसरी डिस्क कपाटाऐवजी स्वतःच्या घरी नेऊन ठेवली.

आजी माघात गेल्या. चित्रपट बावीस मिनिटांचा झाला आहे. एका जागेवरून अजून वाद आहे: एका ओवीच्या मध्यावर आजींना पुढचे चरण आठवत नाही, त्या थांबतात, जाते फिरत राहते, सात सेकंद नुसती घरघर, आणि मग चरण येते. मुलगे म्हणतात, हे कापा, लोक कंटाळतील. मुली म्हणतात, हात लावू नका. आजींची सून एकदा शाळेत येऊन तेवढाच भाग तीनदा पाहून गेली. सध्या तो आहे तसाच ठेवला आहे.