शिष्यवृत्ती, करार आणि मुदत : विद्यार्थी आंबेडकरांची कागदी लढाई

१/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपण पुष्कळदा वाचतो. त्या यादीतील वर्षे मात्र फारसे कोणी ताडून पाहत नाही. कोलंबिया विद्यापीठाला प्रबंध सादर झाला १९१६ साली, पीएच.डी. प्रत्यक्ष मिळाली १९२७ साली. मधली अकरा वर्षे कोठे गेली? उत्तर बडोदा, लंडन आणि न्यूयॉर्क येथील नियमांत आहे.

२/ आरंभ करारापासून. जून १९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानाने २२ वर्षांच्या भीमरावांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मोबदल्यात, शिक्षण संपताच दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे बंधन होते. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

३/ १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरील प्रसिद्ध निबंध वाचला आणि जूनमध्ये 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' हा प्रबंध सादर केला. तोवर तीन वर्षे सरली होती. लंडनमधील अभ्यासासाठी त्यांनी वाढ मागितली. मिळाली ती एका वर्षाची.

४/ कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांची शिफारस घेऊन ते लंडनला आले. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल झाले. अभ्यास अनेक वर्षांचा, हाताशी पैसा एका वर्षाचा!

५/ १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपली आणि संस्थानाने परत बोलावले. निघण्यापूर्वी त्यांनी एक महत्त्वाचे काम केले : ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. महायुद्ध चालू होते. दुसऱ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे ग्रंथ पाणतीराने समुद्रात बुडाले. परवानगी मात्र शाबूत राहिली.

६/ करार पाळण्यासाठी ते बडोद्यात रुजू झाले. 'अस्पृश्य' म्हणून शहरात कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले. ती उघड होताच लोक काठ्या घेऊन दारात आले. नोकरी सोडून त्यांना मुंबई गाठावी लागली. करारात दहा वर्षांच्या सेवेचे कलम होते. सेवकाच्या डोक्यावरील छपराची हमी कोणीच घेतली नव्हती. तरीही पुढे शिष्यवृत्तीच्या रकमेसाठी संस्थानाचा तगादा त्यांच्या मागे लागला.

७/ आता मुदतीतले दिवस सरत होते. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. सप्टेंबर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनच्या वर्गात होते. मुदतीला जेमतेम वर्ष उरले होते.

८/ १९२१ साली एम.एस्सी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला. १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून मागितला, पण लंडनमध्ये राहण्यापुरता पैसा नव्हता. त्यांनी भारतात येऊन फेरलेखन केले, प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली.

९/ आणि कोलंबिया? तेथे प्रबंध स्वीकारला गेला होता. परंतु तो छापून प्रती जमा केल्याशिवाय पीएच.डी. बहाल होत नसे. विद्वत्तेची परीक्षा झाली होती, उरला होता छपाईचा खर्च. १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाने त्या संशोधनाचा विस्तारित ग्रंथ काढला. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका सयाजीरावांच्या नावे होती. ८ जून १९२७ रोजी पदवी मिळाली.

१०/ यांतील बहुतेक नियम सर्वांना सारखेच होते. सधन विद्यार्थ्याला छपाईचा नियम काही महिन्यांत पुरा करता आला असता. आंबेडकरांना त्यासाठी कित्येक वर्षे लागली. नियम एकच असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. म्हणून त्यांच्या पदव्यांची यादी वाचताना प्रत्येक पदवीपुढचे साल जरूर पाहावे, आणि १९१७ साली रिकाम्या हाताने परतताना त्यांनी मागून घेतलेली ती चार वर्षेही आठवावीत.