एका सनदेचा जमाखर्च

मोठ्या माणसांच्या चरित्रांत पराक्रमाची पाने आपण आवडीने वाचतो. जमाखर्चाची पाने मात्र उलटून टाकतो. वास्तविक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बॅरिस्टरीची कथा ज्याला समजून घ्यायची असेल, त्याने हीच पाने आधी उघडावीत.

या खात्यातली पहिली जमा घरचीच. मुलाला पुस्तक हवे असले आणि खिशात पैसा नसला, म्हणजे सुभेदार रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत आणि तो गहाण टाकून पुस्तक घेत. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या विद्यार्थ्याला सयाजीराव गायकवाडांपुढे उभे केले आणि बडोद्याहून दरमहा २५ रुपये सुरू झाले. १९१३ साली त्याच दरबाराने त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. मदत मोठी, पण करारही तसाच कडक : परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची.

अमेरिकेतून लंडनला येऊन नोव्हेंबर १९१६ मध्ये आंबेडकरांनी कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. तेथे कचेरीत विटाळ आणि गावात राहायला जागा नाही! ज्या दरबाराने विद्या दिली, त्याच्या राजधानीत विद्वानाला छप्पर मिळाले नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदे सोडले.

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. तिला मित्र नवल भथेना यांचे ५००० रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे १५०० रुपये यांची जोड मिळाली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत रमाबाईंनी संसार कसा ओढला, त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही. पुढे हुंडणावळीचा दर फिरला आणि रुपयाचे पौंड कमी येऊ लागले. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले, तेही व्याजासह फेडण्याच्या बोलीवर. हात पसरतानाही मान ताठ ठेवणारे हे पत्र आहे.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईस आले, तर सनदेची फी भरायलाही पैसे नव्हते! पुन्हा नवल भथेनाच धावून आले. सनद मिळाली, पण अस्पृश्य बॅरिस्टराकडे सॉलिसिटर खटले देईनात. तेव्हा १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले.

या मदतीचे फळ काय? १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील खटल्यात बागडे, जेधे, जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि अपिलात त्यांना सोडवून आणले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, आणि त्याच वर्षी विरोधकांनी दिवाणी दावा लावला. या दाव्यात आंबेडकर स्वतःच प्रतिवादी. तो जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले. ओंजळभर पाण्याचा हक्क कागदावर यायला एवढा काळ लागला, आणि तो कागद वाचू शकणारा माणूस घडवायला त्याहूनही अधिक!

पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासन जी शिष्यवृत्ती देते, तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. ते योग्यच आहे. बडोद्याने करार लिहून घेतला होता. रामजींच्या मुलींनी, केळुसकरांनी, नवल भथेनांनी तसली कोणतीच अट घातली नाही. तरी दहा वर्षांची चाकरी दूरच राहिली; आंबेडकरांनी जन्मभराची चाकरी केली. मात्र ती एका संस्थानची नव्हती. ज्यांना वकील परवडत नव्हता, त्यांची होती.