बर्लिनचा हान्स घोडा

श्रोतेहो, ‘पक्षपात’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा लबाड गृहस्थ उभा राहतो. तागडीला हळूच बोट लावणारा, किंवा पंच होऊन आपल्या भाच्याकडे निकाल झुकवणारा. असला पक्षपात ओळखायला फारशी विद्या लागत नाही. पण तागडी आणखी एका रीतीने झुकते. माणूस सचोटीचा असतो, मनात काळेबेरे नसते, आणि तरीही त्याच्या अपेक्षेचा भार नकळत एका पारड्यात पडतो. या दुसऱ्या प्रकाराचा छडा कसा लागला, ती हकीकत आज सांगायची आहे.

बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शाळामास्तर राहत. जनावरालाही बुद्धी असते, फक्त त्याला कोणी शिकवत नाही, असे त्यांचे ठाम मत. म्हणून त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्यासाठी अंगणात शाळाच भरवली. फळा होता, मण्यांची पाटी होती, आणि बरोबर उत्तराला पाव-गाजराचा खाऊ होता. मास्तरांनी वर्षानुवर्षे चिकाटी सोडली नाही. अखेर हान्स खूर आपटून उत्तरे देऊ लागला. सात आणि पाच किती? बारा ठोके! बेरीज, अपूर्णांक, तारीख, सारे तो सांगे. १९०४ साली त्याचे नाव देशभर गाजले. मास्तर मात्र बघ्यांकडून एक पैसाही घेत नसत.

काहींना यात लबाडी वाटली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेरा जणांची समिती बसली. तिच्यात सर्कशीचे चालक होते, प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख होते, शिक्षकही होते. त्यांनी बारकाईने पाहिले आणि निर्वाळा दिला की, येथे कसलीही फसवणूक नाही.

आपल्याकडे नंदीबैलवाला दारात येतो. “पाऊस पडेल का?” म्हटले की बैल मान डोलावतो. ती खूण धन्याने शिकवलेली असते आणि त्याला ती ठाऊक असते. समिती असलीच खूण शोधत होती. ती सापडणार कशी? जाणूनबुजून खूण करणारा तेथे कोणी नव्हताच.

पुढचा तपास प्राध्यापक कार्ल स्टुम्फ यांच्या हाताखाली ऑस्कर फुंग्स्ट या तरुणाने केला. त्याने साधीच युक्ती योजली. आकडे लिहिलेली पत्रे घेतली. कधी विचारणाराने पत्रा आधी पाहायचा, कधी न पाहताच घोड्यापुढे धरायचा. विचारणाराला आकडा ठाऊक असला की हान्सचे उत्तर बहुधा अचूक येई. ठाऊक नसला की शंभरात दहा उत्तरेही बरोबर येईनात! डोळ्यांना झापडे लावून विचारणारा दिसेनासा केला, तरी हीच गत.

मग उलगडा झाला. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे वाकतो. घोडा ठोके देऊ लागे. अपेक्षित ठोका पडला की माणसाचे डोके अगदी जराशी उचल खाई. घोडा थांबे. गणित माणूस करी, घोडा माणसाला वाची. पुढे फुंग्स्टने स्वतःच घोड्याची जागा घेतली. पंचवीस जणांना मनात आकडा धरायला सांगून त्याने टेबलावर ठोके दिले. दोघे सोडून बाकी सर्वांनी नकळत खूण दिली. १९०७ साली त्याने हा सारा तपास ग्रंथरूपाने मांडला. ओस्टेन मास्तरांना तो काही पटला नाही. ते १९०९ साली वारले.

समितीने विचारले होते, मास्तर प्रामाणिक आहेत का? उत्तर खरे होते आणि तरी अपुरे होते. फुंग्स्टने विचारले, विचारणाराला उत्तर आधीच ठाऊक आहे का? या प्रश्नाने शास्त्राला नवी शिस्त लावली. १९४८ साली इंग्लंडात क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. तेथे छातीचे फोटो तपासणाऱ्यांना, कोणत्या रोग्याला औषध दिले आहे, हे कळू दिले नव्हते.

शेतकरी बंधूंनो, नवे बियाणे आपण कोठे पेरून पाहतो? विहिरीजवळच्या काळ्या तुकड्यात, नाही का? खुरपणीही तेथेच आधी. मग पीक जोमदार आले, तर श्रेय बियाण्याचे की जमिनीचे? हा झुकाव निवडीतला. त्यावर रोनाल्ड फिशर यांनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात उपाय सांगितला: रानाचे तुकडे पाडा आणि कोणत्यात काय पेरायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, हान्स आपल्या वर्गातही बसलेला असतो. मुलगा म्हणतो, “चौदा?” आपली भुवई वर जाते. “नाही गुरुजी, पंधरा!” आपण खूश होतो आणि पुढचे गणित घेतो. त्याला गणित आले, की गुरुजींचा चेहरा आला? ही शंका वेळीच फिटली नाही, तर पोर वरच्या वर्गात जाऊन अडते आणि ‘मठ्ठ’ ठरते. म्हणून कधी उत्तर पाटीवर लिहवून पाटी पालथी ठेवायला सांगा. सगळ्यांचे झाले की मग पाट्या उलटा. वह्या तपासताना वरचे नाव झाकून ठेवा. यात आपल्या सचोटीवर कोणी शंका घेत नाही. सचोटीच्या ओस्टेन मास्तरांना असे झाकलेले पत्रे वेळेवर मिळाले असते, तर त्यांची इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली नसती.