दुसऱ्या क्रमांकाचा लाडका

१२ जुलै १९६४. मध्य फ्रान्समधल्या प्यूय द दोम या निद्रिस्त ज्वालामुखीच्या चढावर दोन सायकलपटू एकमेकांना खेटून वर निघाले होते. डोंगराच्या बाजूला पिवळी जर्सी घातलेला जाक आंक्तील, दरीच्या बाजूला रेमों पुलिदोर. दोघेही थकले होते आणि दोघांनाही ते दुसऱ्याला कळू द्यायचे नव्हते. माथा जवळ आल्यावर अखेर आंक्तील मागे पडला. पुलिदोरने त्या चढावर ४२ सेकंद कमावले, तरी एकूण वेळेत आंक्तीलच १४ सेकंदांनी पुढे राहिला. दोन दिवसांनी पॅरिसमध्ये त्याने ५५ सेकंदांच्या फरकाने टूर द फ्रान्स जिंकली. ही स्पर्धा पाच वेळा जिंकणारा तो पहिलाच. पण फ्रान्सचे प्रेम त्याच्या वाट्याला आले नाही, ते गेले हरलेल्या पुलिदोरकडे.

असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर आधी या खेळाचा प्रेक्षक कुठे उभा असतो ते पाहायला हवे. फुटबॉलचा प्रेक्षक तिकीट काढून, कुंपणापलीकडे बसतो. सायकल शर्यत मात्र प्रेक्षकाच्या दारावरून जाते. तो तासन् तास रस्त्याच्या कडेला थांबतो, खेळाडू काही क्षणच दिसतो, आणि तोही हात लांबवला तर पाठीला लागेल इतक्या जवळून. पैसे मोजावे लागत नाहीत, पण रस्ता आपला आणि म्हणून शर्यतही आपलीच, ही भावना मनात मुरते. या आपलेपणातून पाठीवर थाप पडते, तसाच कधी गुद्दाही.

‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. दुसऱ्याच वर्षी सँतेत्येन गावाजवळच्या घाटात, रात्रीच्या अंधारात, लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव उभा होता. आंत्वान फोर हा त्या भागातला खेळाडू. त्याला वाट देऊन जमावाने मागून येणाऱ्यांना झोडपले. मार खाणाऱ्यांत आदल्या वर्षीचा विजेता मोरिस गारँही होता. अधिकाऱ्यांना पिस्तुलाचे बार काढून गर्दी पांगवावी लागली. पुढे नीम शहरातही, तिथल्या लाडक्या खेळाडूला बाद केल्याच्या रागातून दगडफेक झाली. खेळाडूंचे नियमभंगही कमी नव्हते. वर्षअखेरीस पहिले चारही क्रमांक रद्द झाले आणि १९ वर्षांचा आंरी कॉर्ने विजेता ठरला. आंधळ्या भावनांनी आणि स्वतःच्याच यशाने ही स्पर्धा मेली, असा विषाद संपादक आंरी देग्रांज यांनी व्यक्त केला. तरीही पुढच्या वर्षी ती भरलीच.

गावाच्या अभिमानाची जागा हळूहळू राष्ट्राभिमानाने घेतली. १९५० मध्ये पिरेनीज पर्वतातल्या आस्पँ घाटात इटलीचा जिनो बार्ताली आणि फ्रान्सचा जाँ रोबिक एकमेकांना अडखळून पडले. चिडलेल्या प्रेक्षकांनी बार्तालीला मारहाण केली. उठून, पुन्हा सायकलवर बसून बार्तालीने तो टप्पा जिंकला, आणि त्याच संध्याकाळी पिवळी जर्सी फियोरेन्झो मान्यी या दुसऱ्या इटालियनाकडे आली. तरीही इटलीचे दोन्ही संघ स्पर्धा सोडून मायदेशी परतले.

आंक्तीलला दगड किंवा गुद्दे खावे लागले नाहीत, त्याच्या वाट्याला शिट्ट्या आल्या. १९५९ मध्ये स्पेनचा फेदेरिको बाहामोंतेस जिंकला. प्रादेशिक संघातल्या आंरी आंग्लाद या फ्रेंच खेळाडूला यश मिळू नये म्हणून आंक्तीलने परक्याला जिंकू दिले, असा लोकांचा समज झाला. पॅरिसच्या मैदानात त्याच्यावर शिट्ट्यांचा भडिमार झाला. म्हणतात की, पुढे त्याने आपल्या बोटीला ‘शिट्ट्या ५९’ असे नाव दिले.

या दोघांची प्रतिमा लोकांनी ठरवून टाकली होती. आंक्तील थंड, हिशेबी, घड्याळाकडे पाहून जिंकणारा; पुलिदोर कष्टाळू, साधा, कमनशिबी खेडूत. फ्रान्स त्या काळात झपाट्याने बदलत होता, तरुण शेती सोडून शहरांकडे निघाले होते. मागे पडणाऱ्या खेड्याला पुलिदोरमध्ये आपला चेहरा दिसला. पण वस्तुस्थिती इतकी सरळ नव्हती. पुलिदोर क्रूझ या गरीब शेतकरी प्रदेशातला होता हे खरे. मात्र आंक्तीलही नॉर्मंडीत स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्याच्या घरात वाढला होता. पुलिदोर काही सदा हरणाराही नव्हता. १९६१ ची मिलान–सान रेमो आणि १९६४ ची स्पेनची टूर त्याच्या नावावर होती. आणि १९६४ च्या फ्रान्समधल्या पराभवात नशिबापेक्षा त्याच्या चुकीचा वाटा मोठा होता. मोनाकोतल्या टप्प्यात एक फेरी उरलेली असताना, शेवट आलाच असे समजून त्याने अखेरचा जोर लावून टाकला. टप्पा जिंकून एका मिनिटाची सूट मिळवली ती आंक्तीलने. अंतिम फरक ५५ सेकंदांचा होता, हे लक्षात घ्यावे.

चाहत्यांनी मात्र चूक विसरून दुर्दैव तेवढे लक्षात ठेवले. कर्णावर जीव टाकणाऱ्या मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पुलिदोर १४ वेळा टूरमध्ये उतरला, तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला, पण पिवळी जर्सी त्याला एक दिवसही लाभली नाही. जितके दुर्दैव तितके प्रेम, आणि पैसाही तितकाच, हे त्याने स्वतःच मोकळेपणाने कबूल केले होते.

या प्रेमाची किंमत दुसरा कोणी तरी मोजत असतो. १९७५ मध्ये त्याच प्यूय द दोमच्या चढावर, सहाव्या विजयाच्या वाटेवर असलेल्या बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या पोटात एका प्रेक्षकाने गुद्दा मारला. दोनच दिवसांनी पिवळी जर्सी फ्रान्सच्या बेर्नार तेवनेकडे गेली आणि मर्क्सला ती पुन्हा कधीच मिळाली नाही. खटल्यात त्याने भरपाई मागितली ती नाममात्र एका फ्रँकची. इतके जिंकून आपलीच माणसे आपल्याला शिट्ट्या का मारतात, या आंक्तीलच्या प्रश्नाला तर कोणते न्यायालयही नव्हते.

निवृत्तीनंतर दोघांत मैत्री झाली. आंक्तील १९८७ मध्ये कर्करोगाने गेला, पुलिदोर २०१९ मध्ये. २७ जून २०२१ रोजी पुलिदोरचा नातू माथ्यू फान देर पुल याने ब्रिटनी प्रांतातला एक टप्पा जिंकून पिवळी जर्सी मिळवली. रेषा ओलांडताना त्याने बोट आभाळाकडे केले आणि नंतर त्याला रडू आवरेना. पाहणाऱ्यांचेही डोळे भरून आले. आजोबांचे अपुरे राहिलेले पुरे झाले, असे सगळे म्हणाले. पण आजोबाला ती जर्सी एक दिवस जरी मिळाली असती, तर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाने त्याला इतके आपले मानले असते का? पाच वेळा जिंकलेल्या आंक्तीलला त्याचे उत्तर ठाऊक होते.