वाकनीस, मुन्शी आणि साहेबाची सही

मराठी आडनावांत काही आडनावे अशी आहेत की त्यांत एक अख्खे सरकारी खाते दडलेले आहे. पारसनीस म्हणजे फारसीनवीस, दरबाराचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. वाकनीस म्हणजे वाकियानवीस, घडले ते टिपून ठेवणारा, बातमी लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळातले दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस होते. ही कामे हिंदू घराण्यांनी पिढ्यानपिढ्या केली. शब्द मात्र फारसी दफ्तरातून आले, कारण कामाची रीतच तिथून आली होती.

मोगलांच्या सुभ्यांत वाकियानवीस नेमलेले असत. सुभेदार काय करतो, बाजारात धान्याचा भाव काय, कुठे लूट झाली, हे ते बादशहाला कळवीत. मराठ्यांनी ही रीत उचलली. पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीहून पुण्याला बातम्या पाठवीत, आणि दिल्लीचे फारसी अखबारही पुण्यात येत. पारसनीस संग्रहातल्या अशा फारसी अखबारांचे यदुनाथ सरकारांनी केलेले इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने १९५३ साली प्रसिद्ध केले. पानिपतनंतरची दिल्ली समजून घ्यायची तर आजही ते उघडावे लागते.

ईस्ट इंडिया कंपनीने ही व्यवस्था मोडली नाही, ती स्वतःच्या कामाला लावली. मुन्शी तेच, अखबारनवीस तेच, भाषाही तीच. पगार तेवढा कंपनीचा. फरक एका ठिकाणी पडला. खालून आलेल्या फारसी कागदाचा वर जाईपर्यंत इंग्रजी अहवाल होई आणि त्याखाली साहेबाची सही येई. पुढे इतिहासात सही उरली. लिहिणारा हात बहुतेक वेळा पुसला गेला. या लेखात त्या हाताविषयी बोलायचे आहे.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. देवरी, साकोली, भंडारा हा पूर्व विदर्भाचा पट्टा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८०३ च्या युद्धात भोसल्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेश गेला, आणि नागपुरात कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला. १८०४ साली आलेल्या त्या रेसिडेंटचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. वय पंचविशीचे. तो फारसी वाचणारा, हाफिजची गोडी असलेला माणूस होता. त्याच्यामागून आलेल्या रिचर्ड जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा अहवाल १८२७ साली छापला गेला. महसूल, पिके, व्यापार, जमीनदाऱ्या असे सगळे त्यात आहे. पूर्व विदर्भाच्या इतिहासावर लिहिणारा कोणीही तो टाळू शकत नाही. पण एक इंग्रज अधिकारी गावोगावच्या जमाबंदीची माहिती स्वतः गोळा करू शकत नव्हता. ती कारकून, मुन्शी, पाटील आणि कामाविसदारांनी पुरवली. अहवाल मात्र जेंकिन्सचा.

एल्फिन्स्टनला १८०८ मध्ये नागपूरहून काढून काबूलच्या वकिलातीवर पाठवले. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानवर येईल, या भीतीने कंपनीची झोप उडाली होती. एल्फिन्स्टन काबूलला पोहोचलाच नाही. १८०९ साली पेशावरमध्ये त्याची शाह शुजाशी भेट झाली आणि तिथूनच तो परतला. तरी १८१५ साली त्याचे काबूल राज्यावरचे जाडजूड पुस्तक आले. न पाहिलेल्या प्रदेशाचे एवढे बारीक वर्णन त्याने कसे केले? त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी व्यापारी, मुल्ला, प्रवासी यांना विचारून विचारून ते जमवले होते. योगायोग असा की त्याच वर्षी जॉन माल्कमचा इराणचा इतिहास प्रसिद्ध झाला. पुढे हे दोघेही लागोपाठ मुंबईचे गव्हर्नर झाले. एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७, माल्कम १८२७ ते १८३०.

यात एक राजकीय कारणही होते. इराणकडे पाहण्याची कंपनीची खिडकी मुंबई होती. १७६३ साली करीमखान झंदच्या परवानगीने कंपनीने इराणी आखातावरच्या बुशहर बंदरात आपली कोठी उघडली. तिथला रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. शिराझचा हाकीम बदलला, वाटेवर टोळ्यांनी काफिला लुटला, कापडावरची जकात वाढली, की पत्र मुंबईला येई. एका अर्थाने फार्स प्रांत मुंबईच्या दफ्तरातला एक कप्पाच झाला होता.

या बुशहरच्या कोठीवर १७९८ साली एक मुसलमान अधिकारी नेमला गेला. मेहदी अली खान. जन्माने खुरासानचा, पण बनारसला स्थायिक झालेला. जोनाथन डंकन बनारसचा रेसिडेंट असताना त्याला ओळखत होता. डंकन मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने मेहदी अलीला बुशहरला पाठवले. काम व्यापाराचे कमी आणि राजकारणाचे जास्त होते. अफगाणांचा जमान शाह पंजाबात उतरत होता. त्याला मागे खेचायचे तर इराणच्या शाहाने पश्चिमेकडून त्याच्या राज्यावर दबाव आणायला हवा होता.

मेहदी अलीने यासाठी काय लिहिले, ते आपण मुसलमान वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. सुन्नी अफगाणांनी लाहोरात शियांवर अत्याचार केले असून हजारो शिया कंपनीच्या राज्यात आश्रयाला पळाले आहेत, तेव्हा जमान शाहाला आवर घालणे हे देवाचे आणि माणसांचे काम आहे, असा त्याच्या पत्रांचा सूर होता. इराणी दरबार शिया. तिथे कोणता शब्द कुठे लागतो, हे या खुरासानी माणसाला नेमके ठाऊक होते. कंपनीच्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याला हे इतके सफाईने जमले नसते. शिया-सुन्नी भांडण इंग्रजांनी निर्माण केले, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. ते जुनेच होते. पण परक्या सत्तेच्या गरजेप्रमाणे ते कधी पेटवायचे, याचे ज्ञान आपल्यातल्याच माणसाने पुरवले, हेही नाकारता येत नाही.

त्याचे फळ त्याला काय मिळाले? पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्लीने इराणला माल्कमची वकिलात पाठवायचे ठरवले. १८०० साली माल्कम बुशहरला उतरला, जानेवारी १८०१ मध्ये त्याने तह केला. इंग्रजी इतिहासात या मोहिमेचा नायक माल्कम आहे. मेहदी अली फार तर एका परिच्छेदात येतो, आणि तिथेही त्याच्या पत्रांची थट्टाच असते.

तहानंतर शाहाने आपला वकील हिंदुस्थानला पाठवला. हाजी खलील खान. तो मूळचा कझ्वीनचा मोठा व्यापारी. म्हणजे इराणलाही राजकारणासाठी व्यापारीच सापडला, कारण मुंबईची माहिती व्यापाऱ्यालाच होती. जुलै १८०२ मध्ये मुंबईत त्याचे नोकर आणि पहाऱ्यावरचे शिपाई यांच्यात मारामारी जुंपली आणि तीत हाजी खलील खान गोळी लागून ठार झाला. कंपनीची नामुष्की झाली. माफीची पत्रे गेली, वारसांना नेमणुका देण्यात आल्या. त्याच्या जागी त्याचाच मेहुणा मुहम्मद नबी खान वकील म्हणून आला. तोही व्यापारीच.

व्यापारी आणि बातमीदार एकच असणे, ही या सगळ्या व्यवहाराची खरी गोम होती. बुशहरच्या रेसिडेंटजवळ इंग्रज माणसे मोजकीच असत. बहारीन, शारजा, शिराझ अशा ठिकाणी त्याचे काम स्थानिक वकील पाहत. बहारीनमध्ये १९०० साली इंग्रज अधिकारी बसेपर्यंत हेच चालले. तिथे हे पद अनेक वर्षे सांभाळणाऱ्या सफर घराण्याचा पसारा बहारीन, बुशहर आणि मुंबईपर्यंत होता. अशा माणसाची ओळख मोठी, भाषा तीन-चार येत, आणि इंग्रजांच्या नावाचा त्याला आधार मिळे. आता विचार करा. जकात जुलमी आहे, असे पत्र हा वकील लिहितो तेव्हा ती जकात त्यालाही भरावी लागत असते. अमुक शेख भरवशाचा नाही, असे तो कळवतो तेव्हा त्या शेखाकडे त्याची उधारी अडकलेली असू शकते. बातमी खोटी असेलच असे नाही. पण ती कुठे बसून लिहिली आहे, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

शिराझचे उदाहरण तर सर्वात बोलके आहे. तिथे इंग्रजांचे वकील म्हणून 'नवाब' या नावाने ओळखले जाणारे, मूळचे हिंदुस्थानी घराणे काम पाहत होते. इंग्रज अभ्यासक एडवर्ड ब्राउन १८८८ साली शिराझला गेला, तेव्हा याच घराण्यातल्या नवाब हैदर अली खानचा पाहुणा होता. शिराझहून जाणारी बातमीपत्रे आज छापील स्वरूपात मिळतात. अली अकबर सईदी सिर्जानी या इराणी अभ्यासकाने दक्षिण इराणमधल्या इंग्रजांच्या खुफियानवीसांचे वृत्तान्त 'वकाये-ए-इत्तिफाकिया' या नावाने तेहरानमध्ये प्रसिद्ध केले. हिजरी १२९१ ते १३२२, म्हणजे १८७४ ते १९०४, अशी तीस वर्षे त्यात आली आहेत.

त्यात काय आहे? हाकीम बदलला. पाव महागला, बायका-माणसे ओरडत हाकिमाच्या दारी गेली. बुशहरच्या वाटेवर काफिला लुटला. कवाम-उल-मुल्कच्या घराण्याचे आणि कश्काई टोळ्यांच्या खानांचे वैर. मोठ्या राजकारणाच्या शेजारी बाजारातली किरकोळ भांडणे. ज्या रयतेची नोंद दरबारी तवारिखांत क्वचितच होते, ती इथे रोज बोलते. १८९० साली शाहाने तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रजाला दिला. तेव्हा पहिला मोठा उठाव १८९१ मध्ये शिराझमध्येच झाला, कारण फार्स हा तंबाखूचा प्रांत. डिसेंबर १८९१ मध्ये मिर्झा शिराझींच्या नावाने हुक्का न ओढण्याचा फतवा निघाला आणि १८९२ च्या सुरुवातीला शाहाला मक्ता रद्द करावा लागला. इंग्रजांसाठी लिहिलेल्या खुफिया बातम्या आज इराणी लोकांच्या लढ्याचा पुरावा म्हणून वाचल्या जातात. कागद लिहिताना मालक एक असतो, शंभर वर्षांनी त्याचा मालक वाचणारा होतो.

व्यापाराच्या अहवालांचेही तसेच. १८६० नंतर रेशीमकिड्यांच्या रोगाने इराणचा रेशमाचा धंदा बसला आणि इस्फहान, यझ्द, फार्स इथे अफूची लागवड वाढली. मुंबईहून चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर सरकारची मोठी मिळकत होती, म्हणून इराणी अफूच्या पेट्या मोजल्या जाऊ लागल्या. १८७०-७२ च्या इराणमधल्या भीषण दुष्काळात धान्याची जमीन अफूखाली गेल्याचे बोलले गेले. पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांना भुकेची मोजदाद करायची नव्हती, पण त्यांच्याच आकड्यांतून ती आज करता येते.

आणि ही गोष्ट दूरच्या इराणची राहिली नाही. किरमानचा हाकीम असलेले हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, शाहाविरुद्धच्या बंडात हरले आणि अफगाणिस्तान, सिंध असे करत १८४० च्या दशकात मुंबईला आले. किरमानच्या प्रांतिक राजकारणाचा शेवटचा अंक माझगावला घडला. १८८१ साली ते वारले, त्यांची कबर हसनाबादेत आहे. १८६६ साली मुंबईच्या हायकोर्टात त्यांच्या हक्कांविषयीचा प्रसिद्ध खोजा खटलाही चालला. इमामवाडा रोडवरची १८६० ची मुघल मशीद हाजी मुहम्मद हुसैन शिराझी या व्यापाऱ्याने बांधली. मुंबईकर इराण्यांना 'मुघल' म्हणत, म्हणून ते नाव. बुशहरहून येणाऱ्या पत्रांमधला व्यापारी जिवंतपणी पाहायचा, तर तो त्या मोहल्ल्यात दिसत होता.

मग हे मुन्शी, वकील, नवाब कोण होते? देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आहे, विद्वान म्हणून गौरवणेही सोपे आहे. ते नोकरी करणारे, हिशेबी, बहुभाषिक लोक होते. त्यांच्या लिखाणाचा उपयोग सत्तेने केला. १८५६ च्या डिसेंबरात मुंबईच्या फौजा बुशहरला उतरल्या, तेव्हा त्या बंदराची इत्थंभूत माहिती मुंबईच्या दफ्तरात कित्येक दशके साठत आलेली होती. याची जबाबदारी त्यांच्याही खात्यावर टाकावी लागेल. पण त्यांचे श्रेयही त्यांच्याच खात्यावर टाकायला हवे.

आज अडचण वेगळी आहे. १८३७ साली कंपनीने आपल्या कचेऱ्यांतून फारसी उठवली. त्यानंतर ती हळूहळू मदरशाची भाषा झाली, आणि आता तर ती फक्त 'मुसलमानांची भाषा' मानली जाते. ज्या भाषेने वाकनीस आणि पारसनीस ही मराठी घराणी घडवली, ती परकी ठरली. महाराष्ट्रातल्या अभिलेखागारांत फारसी कागद आहेत, पण ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मुसलमान तरुणही त्यात फारसे नाहीत. परिणाम असा की आपण आपल्या पूर्वजांनी लिहिलेली बातमी साहेबाच्या इंग्रजीतून वाचतो, आणि त्याने गाळलेले आपल्याला कळतच नाही.

दर जिल्ह्यातून दोन मुले-मुली मोडी आणि फारसी दोन्ही शिकली, तरी हे चित्र बदलेल. त्यात एक मुसलमान आणि एक हिंदू असेल तर अधिकच बरे. दफ्तरखान्यात पूर्वी ती दोघे शेजारी-शेजारीच बसत होती.