‘आज रोजी’ : एका कालवाचक क्रियाविशेषणाचा पूर्ववृत्तांत

गोदाकाठच्या शहागडाचे नाव फारसी ‘शाह’ व देशी ‘गड’ यांच्या संयोगाने घडले आहे. मराठी दस्तऐवजांतील ‘आज रोजी’ या प्रयोगाची घडणही तशीच होय. ‘आज’ म्हणजेच ‘या दिवशी’. मग पुन्हा ‘रोजी’ कशास, असा आक्षेप त्यावर घेता येईल. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो बिनचूक आहे. भाषेच्या इतिहासापुढे मात्र तो टिकत नाही.

संस्कृत ‘अद्य’ यात दर्शक ‘अ’ आणि दिनवाचक ‘द्यु’ हे अंश आहेत. प्राकृतात ‘द्य’चा ‘ज्ज’ होऊन ‘अज्ज’ झाले. मराठीत द्वित्व जाऊन पूर्वस्वर दीर्घ झाला व ‘आज’ सिद्ध झाले. यातील दिवस ‘अज्ज’ या पायरीवरच दिसेनासा झाला होता. शहागडाच्या वरच्या अंगास त्याच नदीवर सातवाहनांचे पैठण आहे. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त, पती गेल्याची गणना करू लागलेली विरहिणी पहिला अर्धा दिवस सरतो न सरतो तोच भिंत रेघांनी भरून टाकते. त्या एकाच गाथेत ‘अज्ज’ही आहे आणि दिवसासाठी ‘दिअह’ही, त्यांचे नाते कानास जाणवण्याजोगे उरलेले नाही.

लॅटिन ‘होदिए’ची कथा अशीच. ‘होक् दिए’ म्हणजे ‘या दिवशी’, आणि ‘दिएस’ हा ‘द्यु’चा सगोत्र. झिजत झिजत जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘उइ’ एवढेच उरले. इतक्या तोकड्या शब्दावर भागेना, म्हणून मध्ययुगात ‘आजच्या दिवशी’ अशा अर्थाचा ‘ओ झूर द्वी’ हा प्रयोग रूढ झाला व पुढे एकजीव होऊन ‘ओझूर्द्वी’ हे क्रियाविशेषण बनले. गंमत अशी की, त्यातील ‘झूर’ हाही लॅटिन ‘दिउर्नुम्’मार्फत ‘दिएस’चाच वंशज. फ्रेंचने एकच मूळ दोनदा वापरले; मराठीने दुसरा दिवस फारसीतून आणला. ‘रोज’ हा मुळात प्रकाशवाचक असून त्याचे नाते संस्कृत ‘रुच्’ धातूशी आहे.

तथापि हे साम्य फार ताणू नये. फ्रेंचमधील भर ध्वनिक्षयामुळे पडली. मराठी ‘आज’ तितका दुर्बळ कधीच झाला नाही व बोलण्यात तो एकटाच पुरतो. ‘रोजी’ ही दप्तराची देणगी. तिथी वा तारखेपुढे तो लिहिण्याची वहिवाट होती, तीच ‘आज’लाही लागू झाली. ती हैदराबाद संस्थानापुरती नव्हती. पुण्याकडील कागदांतही ‘रोजी’ आढळतो.

फ्रेंच मात्र तेथेही थांबली नाही. बोलीत ‘ओ झूर दोझूर्द्वी’ असा दिवस तिसऱ्यांदा जोडला जातो; व्याकरणकार त्यास नावे ठेवतात आणि बोलणारे बोलतच राहतात.