झोळीतलं मूल, कथेतलं मूल

बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी, आत तान्हं लेकरू आणि झोका द्यायला जेमतेम सहा-सात वर्षांची बहीण. लातूर-नांदेडच्या काळ्या रानात कित्येकांचं बाळपण असं गेलं. पुष्कळ घरांत लाकडी पाळणा बारशापुरता मागून आणलेला असे. बारसं झालं की तो परत जाई, आणि आई खुरपं घेऊन रानात.

आई दोन पाथी लांब गेली की लेकराला स्वतःची समजूत स्वतःच काढावी लागते. मग अंगठा तोंडात जातो, झोळीचा काठ चोखून ओला होतो, नाहीतर बहिणीच्या कानाची पाळी बोटांत चुरगाळली जाते. आजीला अंगठ्याचं भारी वावडं! ती त्याला कोरफडीचा कडू गर फासते. पोर तो वाकळेला पुसतं आणि अंगठा पुन्हा तोंडात घालतं.

या खोडीमागे काही अर्थ आहे हे शास्त्राने उशिरा मानलं. ब्रिटिश बालमानसतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांचा याविषयीचा गाजलेला निबंध १९५३ मध्ये छापून आला. मूल एखादं फडकं किंवा बाहुली उराशी धरून आईपासूनचा दुरावा सोसायला शिकतं, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेत लायनसच्या हाती त्याचं पांघरूण आलं, आणि ते जगभर गाजलं. इकडे आपल्या रानात वाकळेचा तुकडा तेच काम मुकाट्याने करत होता. फरक इतकाच, की लायनसचं पांघरूण त्याच्या एकट्याचं होतं आणि इथल्या वाकळेत तीन भावंडं झोपत.

कामकरी आईकडे एक भयंकर उपायही होता. अफूची बाळागोळी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स यांनी मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या सुमारे ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं नोंदवलं गेलं. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. पण गिरणीतली पाळी चुकली तर रोज बुडणार आणि मूल सांभाळायला घरात कुणी नाही, अशा बाईपुढे दुसरी वाट कोणती होती?

१९७२च्या दुष्काळात झोळी रानातून खडीच्या कामावर आली. आया दगड फोडत, जरा मोठी पोरं सुकडीची वाट बघत. २००५च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली. बहिणीचं काम कायद्याच्या कागदावर यायला एवढी वर्षं लागली.

मधे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट येऊन गेली. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांना शाळा मिळाली, जेवण मिळालं. पण आईच्या लुगड्याच्या वासाची सोय कुठली संस्था करणार?

मराठवाड्याच्या कथा-आत्मकथांत मुलं भरपूर आहेत. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) भूक आहे, पोलिसांचा धाक आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले भास्कर चंदनशिव ‘लाल चिखल’मध्ये भाव न मिळालेले टोमॅटो पायाखाली तुडवणारा बाप मुलाच्या नजरेतून दाखवतात. मोठ्यांचं दुःख इथे पोरांच्या डोळ्यांनी फार ताकदीने आलं. पोरांच्या हातांकडे मात्र एकूण मराठी कथेचंच लक्ष कमी गेलं. भेदरलेलं मूल दाखवायचं म्हणजे ते रडलं किंवा आईला बिलगलं, एवढ्यावर लेखक भागवतो. खरं तर आई जवळ नसतानाच त्या हातांना काम लागतं: कुणी सदऱ्याची गुंडी चघळतं, कुणी वाकळेतला सुटा दोरा बोटाला गुंडाळून बोट निळं होईपर्यंत ओढतं, आणि ‘काय करतो रे?’ असं विचारलं की हात पाठीमागे लपवतं.